आईचा खुबा आणि ओळखीचा माणूस

माझी आई गोठ्यात घसरून पडली, त्या आठवड्यात मी नववीच्या वर्गाला मूलभूत हक्क शिकवत होते. ही जुळवाजुळव माझी नाही. नागरिकशास्त्राच्या बाईची खोड मोडायची असली की दैव अशीच वेळ साधतं. त्याआधीच्या शनिवारी शाळेत वादविवाद झाला होता आणि विषय मीच दिला होता: परवडणारा औषधोपचार हा माणसाचा हक्क, की दुकानातली वस्तू? हक्काच्या बाजूने बोललेल्या मुलीला मी पहिला नंबर दिला. वस्तूच्या बाजूने बोललेला मुलगा खरं तर जास्त चांगला बोलला होता. त्याच्या वडिलांचं कोरेगावात औषधाचं दुकान आहे, तेव्हा विषय त्याच्या घरचाच होता. पण मला त्याचं पटलं नाही, आणि परीक्षक मीच होते.

सोमवारी पहिल्याच तासाला भावाचा फोन आला.

"आक्का, आई पडली. उठंनाच. पाय हलवू दीना. सांगलीला घिऊन चाललोय, तू ये."

माझं माहेर पलूसजवळचं. भाऊ तिथेच ऊस बघतो, चार म्हशी सांभाळतो. आई सत्तरीच्या पुढे गेली आहे आणि धार काढायला आजही सुनेच्या आधी उठते. "म्हस माज्याच हाताला पानावती," असं तिचं म्हणणं. त्या दिवशी म्हशीने पाय झाडला, की शेणावरून आईचाच पाय गेला, हे आजवर ठरलेलं नाही. आई म्हशीवर आळ येऊ देत नाही.

एसटीने कराडमार्गे सांगली गाठेपर्यंत दुपार झाली. ज्या हॉस्पिटलात आईला नेलं होतं त्याचं नाव सांगत नाही. सांगूनही उपयोग नाही, दुसरीकडे नेलं असतं तरी मला हेच लिहावं लागलं असतं असं वाटतं. खाजगी, चार मजली, आणि सरकारी आरोग्य योजनेत बसणारं. डॉक्टर तरुण होता, नीट बोलला. खुब्याचं हाड मोडलंय, सांधा बदलावा लागेल, जितकं लवकर तितकं बरं. "या वयात माणूस आडवं पडून राहिलं की छाती भरते," तो म्हणाला. "मग चालण्याचं सोडाच, जीव सांभाळायची वेळ येते. दोन-तीन दिवसांत झालेलं चांगलं."

मला एवढंच कळलं, की दिवस मोजून मिळाले आहेत.

खाली काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "पॅकेज की योजना?"

खानावळीत 'इथंच जेवणार, की बांधून देऊ' असं विचारतात, त्याच सुरात. मी म्हटलं, फरक काय? पॅकेज म्हणजे पैसे भरायचे आणि उद्या सकाळी ऑपरेशन. योजनेत कागद पाहून मंजुरी येणार, मग नंबर लागेल तेव्हा. डॉक्टर तोच, खोली तीच, टेबल तेच. मला शनिवारचा तो औषधाच्या दुकानदाराचा मुलगा आठवला आणि त्याचा उगाचच राग आला.

भाऊ म्हणाला, "आक्का, पैसे भरू या. दोन म्हशी काढतो."

वर जाऊन हे आईच्या कानावर घातलं, तर पायाला बांधलेलं वजन खाटेच्या टोकाशी टांगलेल्या अवस्थेत ती ओरडली, "म्हशी इकून पाय नगं मला! घरी न्या!"

माझी शाळा विनाअनुदानित, पगार चारचौघांत सांगण्यासारखा नाही. तरी म्हशींत माझी थोडी भर घातली असती तर जमलं असतं, हे मी कबूल करते. पण माझं डोकं फिरलं होतं. सरकारने लिहून दिलंय, भिंतीवर हा एवढा फलक लावलाय, त्यावर हसऱ्या म्हातारीचा फोटो आहे, आणि आम्ही म्हशी विकायच्या? मी म्हटलं, "एक पैसा भरायचा नाही. हा तिचा हक्क आहे." भाऊ चहा आणतो म्हणून बाहेर गेला. माझं पटलं नाही की त्याला चहा आठवतो.

योजनेच्या टेबलावर जो माणूस बसतो त्याला आरोग्यमित्र म्हणतात. माणूस बिचारा वाईट नव्हता. समोर पंचवीस माणसं, एक संगणक, आणि तो संगणकही मनात येईल तेव्हा चालणारा. मी आईचं रेशनकार्ड आणि आधारकार्ड पुढे ठेवलं. त्याने एकदा हे पाहिलं, एकदा ते पाहिलं आणि म्हणाला, "बाई, ह्या दोन वेगळ्या बायका आहेत."

मी दोन्ही कार्डं हातात घेतली. आडनाव तेच. वडिलांचं नाव, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, तेच. पहिलं नाव मात्र वेगळं. रेशनकार्डावर तिचं सासरचं नाव होतं, ज्या नावाने सगळं गाव तिला ओळखतं. आधारकार्डावर माहेरचं. ते नाव मी फक्त आजोळी ऐकलं होतं. मामा तिला त्या नावाने हाक मारायचे आणि ती धावत जायची, एवढीच माझी त्या नावाशी ओळख.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्या मुलाने अंगठीने त्यावर नवं नाव लिहायचं, बायकांनी वाकून वाचायचं आणि मग पेढे वाटायचे. त्या दिवसापासून जुनं नाव माहेरी ठेवून यायचं. आईचंही असंच झालं. मग आधारकार्डावर ते जुनं नाव आलं कुठून? मी तरातरा वर गेले आणि तिला विचारलं.

"त्ये व्हय," आई म्हणाली. "शाळेत क्याम्प लागला व्हता. त्यो पोरगा डबडं घिऊन बसला व्हता, त्यानं इचारलं, आजी, तुजं नाव काय. मग मी माजं नाव सांगितलं."

"अगं पण तुझं नाव..."

"लगीन झाल्यापस्नं कुनी कवा इचारलंय गं मला, तुजं नाव काय म्हनून? ह्येची बायकू, त्येची आय. पयल्यांदाच इचारलं त्यानं. मग सांगितलं."

मी चिडून ओरडले, "सरकारी कागदावर कुणी माहेरचं नाव सांगतं का, आई!" सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. सरकारने विचारल्यावर स्वतःचं नाव सांगितलं म्हणून मी माझ्या आईला झापत होते. आणि चार दिवसांपूर्वी मी वर्गात फळ्यावर 'व्यक्तीची प्रतिष्ठा' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

शेजारच्या खाटेवरची म्हातारी खुदकन हसली. "माजंबी आसंच व्हतं," ती म्हणाली, "पर माज्या सुनंनं समदं नीट करून घेतलं."

ही म्हातारी माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडची. शेरडांमागे धावताना बांधावरून पडली होती आणि तिचाही खुबाच मोडला होता. तिचा मुलगा मुंबईत कामाला, तेव्हा सोबत सून एकटीच. सून तिशीची असेल, बारीक, काटक. तिच्याजवळ एक प्लास्टिकची फाइल होती आणि त्या फाइलीत सगळे कागद होते, एकाला दुसरा जुळणारे, वर झेरॉक्सच्या तीन-तीन प्रती. आम्ही आलो त्याच्या दोन दिवस आधी त्या आल्या होत्या. त्यांना मंजुरी आली होती, नंबरही लागला होता: गुरुवारी. मी तिची फाइल पाहून मनात म्हटलं, हिला पहिला नंबर द्यायला हवा होता.

मंगळवार आणि अर्धा बुधवार मी आई ही एकच बाई आहे हे सिद्ध करण्यात घालवला. लग्नाचा दाखला मागितला. तेव्हा कोण काढत होतं दाखला? तांदूळ शिजवून खाल्ले त्याला पन्नास वर्षं झाली. मग प्रतिज्ञापत्र करा. ते केलं, आईचा अंगठा वरच्या वॉर्डातून खाली आणला, म्हणजे शाईचं पॅड वर नेलं. मग आरोग्यमित्र म्हणाला, हे चालतं, पण वर चालेल का सांगता येत नाही. वर म्हणजे कुठे? वर म्हणजे वर. त्याने पाठवलं. वरून प्रश्न आला: अर्जदार व लाभार्थी एकच असल्याबाबत सक्षम अधिकाऱ्याचं पत्र जोडावं. भाऊ गावाकडे पळाला. तो अधिकारी नेमका दौऱ्यावर. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण मी लहानपणापासून ऐकते आहे, पण मोडलेला खुबा सहा महिने थांबत नाही.

इकडे भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्या भागात लोक एखादं लग्न चुकवतील, दवाखान्यातल्या माणसाला भेटणं चुकवणार नाहीत. जीप भरून येतात, शहाळी आणतात, बिस्किटांचे पुडे आणतात, खाटेच्या कडेला टेकतात, आणि नेमका मोडलेलाच पाय दाबून विचारतात, "दुकतंय व्हय?" आईचा जीव जायचा, पण आलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय सोडायचं नाही असा तिचा मलाच हुकूम. आणि या प्रत्येकाचा दुसरा प्रश्न ठरलेला.

"हितं वळखीचं कोन हाय का?"

सख्खे, चुलत, मावस, वाटेकरी, सगळे हेच विचारणार. कुणाचा साडू इथे वॉचमन होता म्हणे. कुणाच्या गावचा कंपाउंडर होता, तो आता कुठे असतो ते बघायला पाहिजे. जणू माझ्या आईचा खुबा डॉक्टर बसवणार नव्हते, तर कुणाचा तरी साडू बसवणार होता. मी प्रत्येकाला सांगत होते, ओळख कशाला? योजना आहे. तिचा हक्क आहे. ते मान डोलवायचे. आजारी माणसाच्या नातेवाइकाचं डोकं जागेवर नसतं, हे त्यांना माहीत होतं.

आमचे एक चुलते फौजेतून सुभेदार होऊन परतले आहेत, त्यांनी मात्र मान डोलवली नाही. ते म्हणाले, "हक्क हाय गं पोरी, न्हाई कोन म्हनतंय? पर बॅटरी उतरल्याली जीप हाय ती. चौघांनी ढकलल्याबिगर चालू हुत न्हाई."

"मग काका, ज्याला ढकलायला चौघं नाहीत त्यानं काय करायचं?"

"त्यानं जीपंतच बसून ऱ्हायचं," ते म्हणाले आणि शहाळ्याला स्ट्रॉ लावायला लागले.

बुधवारी दुपारी आईला खोकला सुरू झाला. बारीकच, पण मी तो ऐकला आणि डॉक्टरचे शब्द आठवले. आईला कूस बदलता येत नव्हती. तिला उचलून भांडं द्यायचं तर मला एकटीला जमत नसे. माणची सून न बोलावता उठून यायची, एका हाताने आईची कंबर धरायची आणि म्हणायची, "बाई, तुमी डोस्कं धरा, मी धरती हिकडनं." तिची बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी आम्ही तीन दिवस खाल्ली. आई आणि ती म्हातारी खाटेवरून खाटेवर बोलत पडायच्या. एकीच्या म्हशी, दुसरीची शेरडं. कुणाचं जनावर जास्त शहाणं, यावर त्यांचं भांडणही झालं.

संध्याकाळी भाऊ गावाहून हात हलवत आला. साहेब शुक्रवारी भेटतील, एवढं कळलं होतं. त्याने आईचा खोकला ऐकला आणि मला व्हरांड्यात ओढलं. तोवर दाबलेलं सगळं त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"आक्का, तुजा हक्क तू वर्गात शिकीव. म्हशी मी सकाळी पलूसच्या बाजारात नेतो, न्हाईतर तू तुज्या कुना इद्यार्थ्याला फोन लाव. इतकी वर्सं पोरं शिकिवलीस, त्यातलं एक तरी कामाचं निगालं आसंल का न्हाई?"

निघालं होतं. हे मला सोमवारपासून माहीत होतं. माझा एक जुना विद्यार्थी एका पुढाऱ्याच्या ऑफिसात असतो. कोणता पुढारी ते सांगत नाही, सातारा-सांगलीकडे साहेबांना तोटा नाही. हा विद्यार्थी दर शिक्षकदिनाला मला फोन करतो. नागरिकशास्त्रात तो जेमतेम पास व्हायचा.

मी व्हरांड्यात दहा मिनिटं उभी राहिले. आतून खोकल्याचा आवाज आला, आणि मी फोन लावला.

"बाई, सोमवारीच का नाही सांगितलं?" तो खरोखर दुखावला होता. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! आईचं दुसरं नाव काय म्हणालात? बरं. आता तुम्ही काही करू नका. नुसत्या बसा."

मी नुसती बसले. तासाभरात दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याचं पत्र आरोग्यमित्राच्या मोबाइलवर आलं. दौऱ्यावर असतानाही सही करता येते, हे मला त्या दिवशी कळलं. पत्रात लिहिलं होतं, की सदर दोन्ही नावांची महिला एकच आहे. वरून मंजुरी आली. रात्रीची जेवणं व्हायच्या आत नर्स येऊन सांगून गेली, आजींना सकाळपासून काही देऊ नका, पहिलाच नंबर आहे.

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला इतका आनंद झाला, की मी भावाच्या पाठीत धपाटा घातला. तीन दिवस ज्याला त्याला हक्क ऐकवणारी मी, एका फोनवर काम झालं तशी चहाला सगळ्यांना घेऊन गेले. माणच्या सुनेलाही नेलं. तिच्याही सासूला सकाळी उपाशी ठेवायला सांगितलं होतं, तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं बाई, दोगी संगटच मोकळ्या हुतील."

गुरुवारी सकाळी दोघी म्हाताऱ्या उपाशी, हिरवे गाऊन घालून, एकमेकींना हसत पडल्या होत्या. आईला नेलं. मी दाराशी थांबले. दोन तासांनी ती परत आली, गुंगीत, पण पाय सरळ. डॉक्टर म्हणाला, छान झालं, परवा उभं करू. मी खाली आरोग्यमित्राचे आभार मानायला गेले. तो संगणकातून वर न बघता म्हणाला, "माझे कसले आभार, बाई. पहिला नंबर त्या माणच्या आजींचा होता. वरून फोन आला, मग यादी बदलली."

"मग त्यांचा आता दुसरा?"

"दुसरे, तिसरे पॅकेजचे होते. योजनेला आज एकच टेबल, म्हणजे एकच ऑपरेशन. त्यांना उद्या."

काय बोलणार होते? माझ्या आईचा सांधा काढा आणि तो त्यांना बसवा? वर गेले तर माणची सून सासूला बशीतून चहा पाजत होती. बिस्कीट बुडवून, एक एक तुकडा. म्हातारी सकाळपासून उपाशी होती. "आज न्हाई म्हनत्यात," सून म्हणाली. "कायतरी टेबलाचं हाय. उद्या." आणि मग, "आजींचं झालं न्हवं झ्याक?"

मी हो म्हटलं. आणि आईची चादर सारखी केली.

आई शुद्धीवर आल्यावर मी तिला हळू आवाजात सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग लाव की त्येला परत फोन. तिचंबी सांग."

इतकं साधं मला सुचलंच नव्हतं. मी लावला. विद्यार्थी जरा घुटमळला. "बाई, तुमच्यासाठी काहीही. पण एका दवाखान्यात दोन दिवसांत दोनदा साहेबांचं नाव नाही घेता येत हो. त्या कोण तुमच्या? नात्यातल्या?"

"शेजारच्या खाटेवरच्या."

"पुढच्या आठवड्यात बघतो," तो म्हणाला.

वस्तू असेल तर पैसे असेपर्यंत विकत घेता येते. हक्क असता तर दोघींनाही पुरला असता. माझ्या हातात होतं ते तिसरंच काही होतं, मोजून एकदाच वापरायचं, आणि ते मी वापरून टाकलं होतं. वादविवादाचा विषय देताना मी ही तिसरी बाजू ठेवलीच नव्हती. एखाद्या पोराने ती मांडली असती तर मी त्याला विषय सोडून बोलतो म्हणून खाली बसवलं असतं.

शुक्रवारी म्हातारीला परत उपाशी ठेवलं, दुपारी परत चहा पाजला. शनिवारी तिला ताप भरला, छातीत घरघर सुरू झाली, आणि डॉक्टर म्हणाला, आधी छाती साफ होऊ दे, मग ऑपरेशनचं बघू. तिला खालच्या मजल्यावर हलवलं. आईला सोमवारी घरी सोडलं. निघताना माणची सून वर धावत आली. तिने आईच्या पिशवीत चटणीची पुडी टाकली आणि म्हणाली, "आजी, म्हशीला शिवू नगा आता." मी तिचा नंबर घेतला. फोन करेन म्हटलं, आणि केला नाही. शाळा होती, परीक्षा होत्या. खरं म्हणजे मला धीर नव्हता.

दोन महिन्यांनी मी माहेरी गेले तर आई वॉकर घेऊन अंगणात फेऱ्या मारत होती आणि भेटायला आलेल्या बायकांना सांगत होती, "माज्या लेकीच्या वळखीनं झालं समदं. येका फोनवर." बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. एकीने तर तिथल्या तिथे त्या विद्यार्थ्याचा नंबर मागितला, तिच्या नवऱ्याला मुतखडा होता. ओळख नव्हे, तो तुझा हक्क होता, असं मला आईवर ओरडायचं होतं. पण ओरडणार कुठल्या तोंडाने? मी त्या बाईला नंबर दिला.

बायका गेल्यावर आई पायरीवर टेकली. "त्या शेरडंवालीचं काय झालं गं?" तिने विचारलं. "तिचा नंबर माज्या आदी व्हता न्हवं? लाव की फोन."

आईसमोर मला टाळता येईना. मी तिथेच पायरीवर बसून फोन लावला. सुनेने आवाज लगेच ओळखला. आजी हिंडत्यात का, हे तिनेच आधी विचारलं. मग मी विचारलं.

"हायत की," ती म्हणाली. "छातीतच पंदरा दिस गेलं. मग डाक्टर म्हनलं, आता आपरेशन नगं, झेपनार न्हाई. घरी आनलं. बसून आसत्यात वट्यावर. शेरडं दिसली की हाका मारत्यात."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "त्या गुरुवारी पहिला नंबर तुमचा होता. माझ्या आईला नेलं ते..."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "दुपारीच म्हाईत झालं. खालीच सांगितलं मला."

म्हणजे तिने चहा पाजून बशी धुतली, तेव्हाच तिला माहीत झालं होतं. त्यानंतर चार दिवस ती माझ्या आईची कंबर धरायला येत होती, आणि चटणीची पुडीही माहीत असूनच दिली होती. ती आता मला काहीतरी बोलेल, शिव्या देईल, याची वाट पाहत राहिले. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. गेले दोन महिने मी सरकारवर चिडले होते, हॉस्पिटलवर, संगणकावर, आईवर, आलेल्या-गेलेल्यांवर. जिने माझ्यावर चिडायला हवं होतं, ती चिडायचं नावच काढत नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "येक इचारू का? राग नगा मानू."

"विचारा."

"आमच्या मालकांच्या पाठीला लय दिस दुकतंय. मुंबईतनं बोलवून घेतलंय. परत त्याच दवाखान्यात न्याचं हाय. कागद समदं करून ठिवल्यात मी." मग म्हणाली, "तुमच्या त्या वळखीच्या मानसाचा नंबर द्याल का?"

आईने वॉकरचा दांडा धरून माझ्याकडे पाहिलं. मी नंबर सांगायला सुरुवात केली. पलीकडून आवाज आला, थांबा बाई, फाइलीवरच लिवून ठिवती. मी थांबले, आणि मग एक एक आकडा दोनदा सांगितला.